रंगपंचमीचा दुसरा पेला

आमच्या अण्णांचं जुन्या नाशकात सायकलचं दुकान होतं. आठ फूट रुंदीचा गाळा, आत भाड्याने द्यायच्या बारा सायकली, बाहेर पाण्याचं घमेलं आणि पंक्चरचं सामान. वरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो: अण्णा, आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान उज्वला. तिला गल्लीत सगळे उजू म्हणत. धंदा शिकलो मी, पण खरं सांगायचं तर हात तिचा चांगला होता. ट्यूब पाण्यात धरली की बुडबुडा कुठून येतो ते ती माझ्या आधी दाखवायची आणि वर म्हणायची, "दादा, तुला चष्मा लागणार बघ."

पुढे मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागलो आणि तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. अण्णा आणि आई गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी रंगपंचमी जवळ आली की माझा जीव त्या गल्लीत जाऊन बसतो.

बाहेरच्या माणसाला रहाड म्हणजे काय ते सांगावं लागतं. चौकात जमिनीखाली दगडी बांधणीचा हौद असतो, माणूस बुडेल इतका खोल. वर्षभर तो ओंडके आणि माती टाकून बंद असतो, त्याच्यावरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात. रंगपंचमीला तो उघडायचा, पाण्याने भरायचा, त्यात फुलांचा उकळलेला रंग ओतायचा. आमच्या चौकातला रंग पिवळा. पूजा झाली की लोक लांबून धावत येऊन आत उडी घेतात. त्याला धप्पा म्हणतात. एकदा धप्पा मारला की आठवडाभर कानामागचा पिवळेपणा जात नाही.

आमच्या लहानपणी धप्पा पुरुषांचाच. बायका आणि मुली गॅलरीतून बघायच्या. उजू अकरा वर्षांची होती त्या वर्षी पूजेचा नारळ फुटला, सगळे एकमेकांना पुढे जायचा आग्रह करत होते, आणि तेवढ्यात गर्दीच्या पायांमधून एक निळा फ्रॉक सुटला आणि धप्प! अण्णांनी तिला वेणीला धरून वर काढलं. ओरडायला तोंड उघडलं, पण ती पिवळीजर्द होऊन इतकी खूश दिसत होती की त्यांना ओरडताच आलं नाही. वर गॅलरीत आई मात्र डोक्याला हात लावून उभी होती.

अण्णा वर्षभर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचे नाहीत. रंगपंचमीला मात्र सकाळपासून पाट्यावर बसायचे. बदाम, मगज, खसखस, बडीशेप, मिरी, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं स्वतः वाटायचे. दोन पितळी पातेली असायची. एक आम्हा पोरांचं, दुसरं मोठ्यांचं. मोठ्यांच्या पातेल्यात भांग असायची. तिला ते नशा म्हणत नसत. "महादेवाचं आहे," म्हणायचे, आणि पहिला पेला देवापुढे ठेवायचे.

उजूचं लग्न ठरलं त्या वर्षी अण्णांनी तिला मोठ्यांच्या पातेल्यातला अर्धा पेला दिला. "सासरी कुणी देणार नाही," म्हणाले. त्या दिवशी ती चारपासून सातपर्यंत हसत होती. खाली कुणी सायकलमध्ये हवा भरायला लागलं की पंपाचा फुस्स आवाज यायचा आणि ही वर लोळायची. शेवटी मी मुद्दाम पंप मारत बसलो. शेजारच्या बायका जिन्यात उभं राहून हिचं हसणं ऐकत होत्या आणि त्याही हसत होत्या. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे. हे सांगतो ते अशासाठी, की पुढे मी जे केलं ते कशाच्या मोहाने केलं हे कळावं.

उजूला सासर चांगलं मिळालं. रंगनाथराव अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर होते. गरीब स्वभाव, कमी बोलणारे. कारखान्याजवळच त्यांनी छोटं घर घेतलं. उजूने शिवणाचा क्लास काढला. वीस-वीस मुली यायच्या. त्यांचा मुलगा सार्थक शिकला, नोकरीला पुण्याला गेला.

साधारण दोन वर्षांपूर्वी ती हळूहळू मिटत गेली. फोन उचलायची नाही. उचलला तर "हो", "नाही", "ठेवते". क्लास बंद केला. माझ्या षष्ट्यब्दीला आली तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली, वाढलेलं ताट तसंच ठेवलं. मी रंगनाथरावांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "वय झालंय, डोकं दुखतं तिचं." मला वाटलं, मुलगा लांब गेला म्हणून असेल. माझी बायको संध्या म्हणाली, "अहो, हे साधं नाही वाटत." मी म्हणालो, "आमची उजू आहे ती. होईल ठीक."

आणि खरंच थोडी ठीक झाली. त्याच वर्षी दिवाळीनंतर फोन उचलायला लागली. दोन मुली शिवण शिकायला यायला लागल्या. मला वाटलं, बघ, म्हटलं नव्हतं? त्यामागे काय आहे हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग मी ठरवलं की येत्या रंगपंचमीला तिला घरी आणायचं, अण्णांसारखी ठंडाई करायची आणि संध्याकाळी जुन्या चौकात रहाड बघायला न्यायचं. फोनवर ती आधी नको म्हणाली. रंगनाथराव दिंडोरीला भावाच्या बागेत द्राक्षं काढायला जाणार होते.

"मग एकटी घरी बसून काय करशील?" मी म्हणालो. "मी घ्यायला येतो."

"दादा, मला फार गर्दी सोसत नाही आता."

"गर्दीत नाही जायचं. लांबून बघू. आपल्या गॅलरीखाली उभं राहू."

ती म्हणाली, "ती गॅलरी आहे अजून?"

तेवढं मला पुरलं.

भांग मी ओळखीच्या एका माणसाकडून आणली. पूर्वी अण्णा ती सरळ दुकानातून आणायचे, आता तसं नाही. त्याने कागदाच्या पुडीत हिरवा लगदा दिला. किती घालायचा विचारलं तर म्हणाला, "अंदाजाने घाला काका." अण्णांचा अंदाज त्यांच्या बोटांत होता. माझ्या बोटांत तो कुठून येणार? मिक्सरमध्ये सगळं वाटलं आणि थोडा जास्तच घातला, चव उतरावी म्हणून.

उजूला मी बारा वाजता घेऊन आलो. फिकी गुलाबी साडी, केस नीट बांधलेले. चेहरा भरल्यासारखा वाटत होता. संध्याला म्हणाली, "वहिनी, आज मी पोळ्या लाटते." मला बरं वाटलं. स्वयंपाकघरात दोघींचं बोलणं ऐकत मी बाहेर बसलो. मग मी ट्रे घेऊन आत गेलो.

"हे काय?" उजूने विचारलं.

"वास घे."

तिने पेला नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. "अण्णा," एवढंच म्हणाली.

"मोठ्यांच्या पातेल्यातली आहे," मी म्हणालो. "घेशील ना?"

तिने पेला खाली ठेवला. "आज नको रे दादा. मला झेपेल की नाही…"

"अगं, दारू आहे का ही? अण्णांच्या हातची समज. त्यांच्या नावाने घे."

संध्या म्हणाली, "नको म्हणतायत तर राहू द्या ना." पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. उजूने माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा त्या नजरेचा अर्थ कळला नाही. ती काहीतरी सांगायला आली होती आणि मग सांगणं सोपं की पिणं सोपं, असा तिने विचार केला असावा. तिने पेला उचलला.

मीही एक घेतला. संध्याने साधं दूध घेतलं. आम्ही जेवायला बसलो. उजू जुन्या गोष्टी काढायला लागली. बारा नंबरच्या सायकलचा ब्रेक कधीच लागायचा नाही, तरी ती एका मास्तरांना मुद्दाम तीच द्यायची, ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. ती बोलत होती! मी सुखावलो. पाऊण तास झाला तरी काही चढल्यासारखं वाटेना.

"अण्णांची चढायची," ती म्हणाली. "तुझी म्हणजे नुसतंच दूध आहे."

मी तिचा पेला परत भरला. पोटातून घेतलेली भांग दीड-दोन तासांनी सुद्धा चढते, हे आता मला कुणी न विचारता सांगता येतं. तेव्हा मी फक्त हसलो आणि म्हणालो, "घे मग, अजून दूध घे."

तो दुसरा पेला मी माझ्या हाताने भरला.

अडीचच्या सुमारास ती पाणी मागायला लागली. तांब्याभर प्यायली तरी तोंड कोरडं पडतंय म्हणाली. चेहरा लाल झाला. मग हसली, आणि मला वाटलं, आली बुवा एकदाची. ती खिडकीशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, "अण्णा, वर या, जेवण गार होतंय."

मला गंमत वाटली. मी म्हणालो, "अगं, अण्णांना गिऱ्हाईक आहे."

"कोण आलंय?"

"मास्तर आलेत. बारा नंबरची मागतायत."

ती हसली, मीही हसलो. मला वाटलं, आम्ही दोघं मिळून आठवतोय. नंतर ती म्हणाली, "दादा, आईला सांग, अंधार पडलाय, शटर ओढायला हवं." बाहेर रखरखीत ऊन होतं. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळं इतकी मोठी झाली होती की डोळे नुसते काळे दिसत होते. ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिथे नव्हतो. मी साठ वर्षांचा, पांढऱ्या केसांचा, तिला ओळखूच येत नव्हतो. तिने संध्याला विचारलं, "हे काका कोण आहेत?"

माझं हसू तिथेच थांबलं. ती काही आठवत नव्हती. ती खरोखर तिकडे गेली होती, आणि तिथून परत कसं आणायचं मला माहीत नव्हतं.

तरीही आम्ही वेळ घालवला. मी लिंबू पिळून दिलं, दही भरवलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. "उतरेल," मी म्हणत होतो. "भांगेने कुणाला काही होत नाही." ती अंथरुणातून उठून जिना शोधायला लागली. आमच्या फ्लॅटमध्ये जिना नाही. दाराच्या चौकटीवर आपटून तिच्या कपाळाला खोक पडली. रक्त येतंय हे तिला कळलंही नाही. साडीचा पदर चाचपत "किल्ली कुठे ठेवली" म्हणत राहिली.

संध्या अंगणवाडीत सेविका होती, पंचवीस वर्षं. तिने उजूचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली.

"अहो, अर्ध्या मिनिटात ऐंशी ठोके आहेत."

"चढलंय म्हणून."

"तुमचे बघते, हात द्या." माझे पंचेचाळीस भरले. "तुम्हीही तेच प्यालात ना? मग हिलाच एवढं का?"

तिने रंगनाथरावांना फोन लावायला उजूची पर्स उघडली, कारण त्यांचा नवा नंबर आमच्याकडे नव्हता. मोबाइलबरोबर गोळ्यांची एक स्ट्रिप बाहेर आली. संध्याने ती उलटसुलट केली, नाव वाचलं आणि फोन लावून सरळ विचारलं, "रंगनाथराव, उज्वलाताई कसल्या गोळ्या घेतात?"

फोन स्पीकरवर होता. मागे बागेतल्या बायकांचा आणि क्रेटचा आवाज येत होता. रंगनाथराव त्या आवाजापासून बाजूला गेले. मग म्हणाले, "मनाच्या आहेत वहिनी. डिप्रेशनच्या. आठ महिने झाले. दादांना सांगू नका."

"दादा इथेच उभे आहेत," संध्या म्हणाली. "आणि त्यांनी तिला भांग पाजलीय."

खाली रंगात न्हालेल्या पोरांच्या टोळ्या होत्या. एका रिक्षावाल्याने आधी नाही म्हटलं, मग उजूचं कपाळ बघून दार उघडलं. जुन्या नाशकाकडचे रस्ते बंद होते, म्हणून लांबून जावं लागलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून पुटपुटत होती. मी तिचा हात धरला होता. त्या हाताची नाडी माझ्या बोटांखाली ॲक्सिलरेटर अडकलेलं इंजिन रेस होत राहावं तशी पळत होती. तीस वर्षं मी असली इंजिनं ऐकली होती. तेव्हा चावी बंद करता यायची.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "ऊन लागलंय. चक्कर येऊन पडली."

आजही मला त्या वाक्याची लाज वाटते. मला पोलीस आठवले, शेजारी आठवले, माझं नाव आठवलं. बहीण समोर पडली होती आणि मी स्वतःला वाचवत होतो. डॉक्टरीणबाईंनी नर्सला सलाइन लावायला सांगितलं. तेव्हा संध्याने मला कोपराने बाजूला केलं, स्ट्रिप टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्या ही गोळी रोज घेतात. आणि आज दोन पेले भांग प्यायल्यात. साडेबारा आणि सव्वा वाजता."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांचे हात भराभर चालायला लागले. छातीला वायरी लावल्या. स्क्रीनवर आकडा एकशे अठ्ठावन्न दाखवत होता. त्यांनी आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत का, रक्तदाब आहे का, शेवटची लघवी कधी झाली, सगळं विचारलं. आल्यापासून उजू बाथरूमला गेलीच नव्हती, हे संध्याच्या लक्षात आलं. नळी घालावी लागली.

नंतर त्या मला बाहेर घेऊन बसल्या. "काका, ही गोळी वाईट नाही. जुन्या प्रकारची आहे, झोप आणि डोकेदुखीलाही बरी म्हणून दिली असेल. पण ती तोंड कोरडं करते, ठोके वाढवते. भांगही ठोके वाढवते, भ्रम करते. दोन्ही एकत्र आल्या की एकीवर एक चढते. हृदय आधीच कमकुवत असतं तर फार अवघड झालं असतं. आणि तुम्ही उन्हाचं म्हणालात ते धरून मी चालले असते, तर आत्ता अंधारात चाचपडत असते."

"पण भांग तर… देवाची," मी म्हणालो. माझं मलाच ते पोरकट वाटलं.

"शरीराला ते कळत नाही," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

रंगनाथराव दिंडोरीहून आले तेव्हा हातांना द्राक्षाचा चिकटा तसाच होता. माझ्याशी बोलले नाहीत. बायकोच्या पायाशी स्टूल घेऊन बसले. सकाळपर्यंत आकडा एकशे दहावर आला होता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता उजूने मला ओळखलं. कपाळावर तीन टाके होते.

"रहाड बघितली का आपण?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. तिने कपाळावरचे टाके चाचपले. "तुला कळलं ना गोळ्यांचं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय म्हणाला असतास?"

मी काय म्हणालो असतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"दादा, तू फोन केलास की 'आमची पहिली उजू कुठे गेली' विचारायचास. दर फोनला. मी गोळी घेऊन उठायला लागले, अंघोळ करायला लागले, दोन मुलींना काजं शिकवायला लागले. मला वाटायचं, किती केलं मी! आणि तुला ते दिसायचंच नाही. तुला ती फ्रॉकवाली हवी होती."

"चुकलो," मी म्हणालो.

"मीही चुकले. डॉक्टरांनी दारूचं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. भांगेचं मनातही आलं नाही. आपल्याकडे ती कशात मोजतच नाहीत." मग तिने तोंड फिरवलं. "पण नको म्हणाले होते मी. एकदा नाही, दोनदा."

दोनदा मला आठवत नव्हतं. पण ती म्हणते म्हणजे असणार.

एवढ्यावर मी शहाणा झालो असेन असं वाटेल. नाही झालो. तिला घरी सोडलं त्या दिवशी मी रंगनाथरावांना म्हणालो, "त्या गोळ्याच बंद करा. तसलं औषध हवंच कशाला? आमच्या घरात कुणाला असलं नव्हतं." उजू स्वतः घाबरलेली होती. तिने गोळी सोडली. दहा-बारा दिवसांनी रंगनाथरावांचा फोन आला. झोप नाही, हात थरथरतात, भिंतीकडे तोंड करून पडून असते. त्यांनी दिवाणावरच्या चादरी बदलताना तिला विचारलं होतं, चहा देऊ का, आणि ती म्हणाली होती, "मी नसते तर तुम्हाला एवढं करावं लागलं नसतं."

ते वाक्य सांगताना ते रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं.

त्याच दिवशी मी तिच्या घरी गेलो. "चल," म्हणालो, "तुझ्या डॉक्टरांकडे. मी येतो बरोबर. झालेलं सगळं मी सांगतो, माझ्या तोंडाने."

"तू येणार? तिथे?" तिने विचारलं. बाहेर पाटीवर मानसोपचार असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, हे तिला सुचवायचं होतं.

डॉक्टर साठीच्या आसपासचे, शांत गृहस्थ. मी भांग, दुसरा पेला, उन्हाचं खोटं, गोळ्या सोडायला लावल्या ते, सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मग म्हणाले, "विचारायला मीही कमी पडलो. आता मी प्रत्येकाला भांग, गांजा, गोळी, सगळ्याची नावं घेऊन विचारतो. लोकांना नशा म्हटलं की दारूच आठवते." त्यांनी औषध बदललं, हळूहळू चढवायचं ठरवलं, आणि आपल्या मनाने कधीही बंद करायचं नाही असं माझ्याकडे बघून सांगितलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. दर महिन्याला मी तिला घेऊन जातो. रंगनाथराव म्हणतात, "मी नेईन की," पण तो दिवस मी सोडत नाही. बाकावर तास-दीड तास बसावं लागतं. त्या वेळात आम्ही जितकं बोलतो तितकं आधीच्या तीस वर्षांत बोललो नव्हतो. जुनं निघतंच. पण आता मी तिला विचारतो, तुला तेव्हा कसं वाटायचं. तेव्हा कळलं की ज्या गल्लीच्या आठवणीने माझा ऊर भरून येतो, त्या गल्लीत सोळाव्या वर्षी ती महिनाभर रात्री रडायची आणि कुणाला कळलं नव्हतं. आई म्हणायची, सर्दी झालीय. मी त्याच खोलीत झोपायचो.

"मला का नाही उठवलंस?" मी विचारलं.

"तुझी सकाळची पाळी असायची दुकानात," ती म्हणाली.

मागच्या महिन्यात आम्ही बसलो होतो तेव्हा वर्कशॉपमधला माझा जुना सोबती बारकू गायकवाड जिन्यावरून खाली येत होता. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. मला बघून थबकला, पाटीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "वाल्मीकराव, इकडे कुणीकडे?"

उजूने हातातला मोबाइल उगाच उघडला. मला दिसलं की ती श्वास धरून बसलीय.

"ही माझी बहीण, उज्वला," मी म्हणालो. "तिचं औषध चालू आहे इथे. डिप्रेशनचं. महिन्याला यावं लागतं."

बारकू माझ्या शेजारी बाकावर टेकला. एक हात गालावर होता, दात काढलेला होता बहुतेक. नंतर खालच्या आवाजात विचारलं, "डॉक्टर कसे आहेत? आमचा धाकटा सहा महिने झाले खोलीतून बाहेर येत नाही."

मी उत्तर द्यायच्या आधी उजू उठून त्याच्या बाजूला जाऊन बसली.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "घाई करत नाहीत. तुम्ही त्याला घेऊन या. पण आधी मला सांगा, तो जेवतो का?"